जुन्या ट्रकच्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय? हेड उघडण्याआधी हवा कुठून पळते ते शोधा

'कॉम्प्रेशन गेलं' (म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरती दाबली जात नाही) हे दोन शब्द कानावर पडले की बरेच गाडीमालक थेट हाफ इंजिनच्या, म्हणजे पिस्टन-रिंग-लायनर बदलण्याच्या, खर्चाची जुळवाजुळव सुरू करतात. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी झालं असेल तर दोष बहुतेक वेळा वरच्या बाजूला निघतो: टॅपेट (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातलं ठरावीक अंतर), वॉल्व्ह, डिझेल फवारणाऱ्या नोजलखालचा वायसर (वॉशर), हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग). रिंग-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची आतली नळी) झिजतात तेव्हा ते सहसा सगळ्या सिलिंडरमध्ये थोडेफार झिजतात. म्हणून खाली हात घालण्याआधी वरचं सगळं तपासून घ्यायचं.

हे सगळं पंप-पाइप-नोजल पद्धतीच्या जुन्या इंजिनांसाठी आहे: १६१३सारख्या गाड्यांवरचं टाटा ६९७, त्याचं चार सिलिंडरचं भावंड ४९७, आणि लेलँडची त्याच काळातली सहा सिलिंडरची इंजिनं. (६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि ९७ मि.मी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. ४९७चा अर्थही तसाच.) कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) गाडीवर यातली पाइप सैल करण्याची चाचणी अजिबात करू नका. तिथे पाइपमधला दाब हजार किलोच्या (दर चौरस सें.मी.वर; पुढेही दाबाचे 'किलो' याच अर्थाने) पुढे जातो आणि डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

लक्षणं

सकाळी गाडी उशिरा उचलते. चालू झाली की दोन-चार मिनिटं लंगडते आणि डोळे झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर काढते. गरम झाली की धूर जातो आणि लंगडणंही बरंच कमी होतं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी झाल्याची ही सगळ्यात ठळक खूण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून जी उष्णता तयार होते तिच्यावरच डिझेल पेटतं. दाब कमी पडला की उष्णता कमी, आणि डिझेल न पेटता तसंच सायलेन्सरमधून बाहेर.

याच कारणाने हा दोष आपल्याकडे उन्हाळाभर लपून राहतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बाहेरची हवाच इतकी तापलेली असते की कमजोर सिलिंडरही पेट घेतो. मग कापसाचा हंगाम सुरू होतो, थंडी पडते, आणि नेमकी भाड्याची घाई असताना पहाटे गाडी ढकलायची वेळ येते. 'गाडी धूर मारस, चढस नही' ही तक्रार दिवाळीनंतर वाढते ती म्हणून. दोष तेव्हा झालेला नसतो, तेव्हा दिसतो.

बाकीची लक्षणं: लोड घेऊन लळिंग किंवा कोंडाईबारीच्या चढाला एक गिअर जास्त खाली यावं लागतं. ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किंवा ऑइल टाकायच्या झाकणातून ठोके मारत धूर येतो, म्हणजे ज्याला आपण बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठतात. एअर फिल्टरच्या तोंडातून किंवा सायलेन्सरमधून एका लयीत 'फस्-फस्' येतं. सेल्फ मारताना आवाज एकसारखा न येता दर काही ठोक्यांनी सेल्फ एकदम मोकळा पळाल्यासारखा वाटतो.

धुराचा रंग नीट बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. पांढरा पण वास नसलेला, गरम झाल्यावरही न थांबणारा आणि रेडिएटरचं पाणी कमी करणारा धूर म्हणजे वाफ. तसं असेल तर पुढचा 'सेल्फ मारून बघू' हा विचार आधी बाजूला ठेवा, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर सेल्फ मारल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दबत नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

पहिली बॅटरी. सेल्फ इंजिन हळू फिरवत असेल तर चांगल्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन कमीच दिसणार, कारण दाबलेल्या हवेला रिंगच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो आणि तिची उष्णताही भिंतीत जिरते. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली आणि २४ व्होल्टच्या गाडीत एकोणीस-वीसच्या खाली जाता कामा नये. जात असेल तर बॅटरी, टर्मिनल आणि अर्थची तार आधी. चॅसिसवरचा गंजलेला अर्थ साफ करून बऱ्याच 'कॉम्प्रेशन गेलेल्या' गाड्या सुरू होतात.

मग इंजिन बंद करायची दांडी ओढून धरा, म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि दुसऱ्याला आठ-दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. कान इंजिनजवळ ठेवा. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत सहा ठोके यायला हवेत, सगळे सारख्या जोराचे. एक ठोका कच्चा वाटला तर एक सिलिंडर, आणि दर सहा ठोक्यांत दोन कच्चे वाटले तर दोन. कोणता ते अजून कळत नाही, पण दोष खरा आहे एवढं कळतं.

एअर फिल्टर उघडून बघा. तो चोंदला असेल तर सिलिंडर पुरता भरत नाही आणि सगळीकडे दाब कमी दिसतो. एक्झॉस्ट ब्रेकची फ्लॅप अर्धवट बंद अडकली असेल तर गाडी ओढत नाही, आणि दोष मात्र इंजिनाच्या माथी मारला जातो.

रेडिएटर थंड असताना पाणी काठोकाठ भरा, झाकण काढून ठेवा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पाणी तापण्याआधीच बुडबुडे एका लयीत येत राहिले, रेस दिल्यावर पाणी उसळून बाहेर पडलं, तर ज्वलनाचा दाब पाण्याच्या मार्गात शिरतोय: गॅस्केट फुटलं आहे किंवा हेडला तडा आहे. गरम इंजिनावर झाकण उघडू नका हे सांगायला नको, तरी सांगतो. दरवर्षी कुणी ना कुणी भाजतंच.

ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ, पातळी वाढलेली, म्हणजे पाणी मिसळलं. ऑइल पातळ, पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास, म्हणजे न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतंय. दुसऱ्या प्रकारात दोष शोधण्याआधी ऑइल बदलाच, नाहीतर चांगल्या बेअरिंगही जातील.

कोणता सिलिंडर?

इंजिन आयडलवर ठेवा. एकेका नोजलच्या वरच्या पाइपचा नट (बहुधा १७ किंवा १९चा पाना) अर्धा आटा सैल करा, आवाज ऐका, पुन्हा आवळा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच दबतं. ज्याचा सैल करून काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला. नटावर फडकं टाका आणि बोटं लांब ठेवा. डिझेलची बारीक धार डोळ्यांना दिसत नाही पण कातडीत घुसते. असं काही झालं तर वरून जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जा; औषध लावून झोपू नका.

मेलेला सिलिंडर सापडला म्हणजे कॉम्प्रेशन गेलं असं नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. नोजल पाणी मारत असेल, म्हणजे फवारा न करता थेंब टाकत असेल, तर लक्षणं हुबेहूब तीच: पांढरा धूर, लंगडणं, ठोका. म्हणून त्या सिलिंडरचं नोजल काढा आणि शेजारच्या चांगल्या सिलिंडरच्या नोजलशी अदलाबदल करा. दोष नोजलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर पंपवाल्याकडे जा, नोजल तपासून दाब लावून घ्या, आणि ही पोस्ट इथेच बंद करा. दोष जागेवरच राहिला तर पुढे वाचा.

नोजल काढताना त्याच्या खालचा तांब्याचा वायसर बघा. भोकाच्या आजूबाजूला काळा, डांबरासारखा थर जमला असेल तर कॉम्प्रेशन तिथूनच गळतंय. चालू इंजिनावर नोजलच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकलं तरी फेस उडतो. जुना वायसर तापवून पुन्हा वापरण्याची पद्धत आहे. तो नवीन टाकणं इतकं स्वस्त आहे की तेवढ्यासाठी हा धोका घेण्यात काही अर्थ नाही. भोकात जुना वायसर तसाच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसवला, तर नोजल वर उचललं जातं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत नेमका पडत नाही. टॉर्च लावून आत बघून घ्या.

टॅपेट

कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायचा काटा) आणण्याआधी टॅपेट. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि तासाभराच्या कामावर हा दोष निघून जाऊ शकतो.

इंजिन पूर्ण थंड हवं. ६९७ला हे अंतर इनलेट (हवा आत घेणाऱ्या) वॉल्व्हला ०.२० आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) वॉल्व्हला ०.३० मि.मी. ठेवतात. तुमच्या इंजिनाचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलमधला धरा. कोणता वॉल्व्ह इनलेट आणि कोणता एक्झॉस्ट हे पाठांतरावर सोडू नका, समोरच्या मॅनिफोल्डची नळी ज्याच्या रांगेत येते त्यावरून ओळखा.

सहा सिलिंडरची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. जोड्या १-६, ५-२, ३-४. १ नंबरचं टॅपेट लावायचं तर ६ नंबरचे दोन्ही वॉल्व्ह ओव्हरलॅपवर आणा: एक्झॉस्ट बंद होत आलाय आणि इनलेट उघडू लागलाय, तो क्षण. तेव्हा १ नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपवर (हवा दाबून पिस्टन सगळ्यात वर) असतो आणि त्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद. मग क्रँक एक तृतीयांश फेरी फिरवा, २ नंबर ओव्हरलॅपवर येईल, ५ लावा. पुढे ४ ओव्हरलॅपवर, ३ लावा. असं करत दोन फेऱ्यांत सहाही होतात.

टॅपेट घट्ट झालेलं असेल तर वॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. नुसती हवा गळते असं नाही. एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकून असतानाच बाहेर टाकतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो कडेने जळतो. सीट झिजत जाते तसा वॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर आपोआप कमी होतं, म्हणून 'टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे टॅपेट ठीक' हे उलटं आहे. आवाज करणारं टॅपेट तुम्हाला सांगून त्रास देतं. घट्ट टॅपेट न बोलता वॉल्व्ह जाळतं. आवाज बंद करायला म्हणून टॅपेट आवळून देणारा मिस्त्री तुमच्यावर उपकार करत नाही.

अंतर खूप सैल निघालं तर पुशरॉड काढून काचेवर लोळवून बघा, वाकलाय का. रॉकरचं तोंड आणि कॅमचा उंचवटा झिजला असेल तर वॉल्व्ह कमी उघडतो, सिलिंडर भरतच नाही, आणि गळती कुठेही नसताना गेज कमी दाखवतो. अशा प्रकारात पुढची हवेची चाचणी 'सगळं ठीक' म्हणते. प्रत्येक वॉल्व्ह किती खाली जातो ते शेजारच्याशी ताडून बघितलं की कळतं.

टॅपेट लावल्यावर गाडी सुरू करा, तापू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. ठीक असेल तर थांबा. मात्र घट्ट निघालेलं टॅपेट एक महिन्याने पुन्हा मोजा. पुन्हा घट्ट झालं असेल तर सीट बसत चालली आहे आणि हेडचं काम फार लांब नाही.

गेज

डिझेलचा कॉम्प्रेशन गेज वेगळा असतो, निदान ४० किलोपर्यंतचा. पेट्रोल गाडीचा गेज लावला तर तो फुटेल. नोजलच्या भोकात बसणारा ॲडॉप्टर लागतो, खाली तांब्याचा वायसर टाकून.

इंजिन गरम, बॅटरी भरलेली, डिझेल बंद, एअर फिल्टर साफ. जमलं तर सगळी नोजलं काढून मोजा, म्हणजे सेल्फ सारख्या वेगाने फिरतो. प्रत्येक सिलिंडरला सहा ते आठ ठोके द्या आणि दोन आकडे लिहा: पहिल्या ठोक्याचा आणि शेवटचा. पहिला ठोका कमी पण नंतर काटा चढत जाऊन बऱ्यापैकी वर आला तर रिंगवर संशय. पहिला कमी आणि नंतरही फारसा चढला नाही तर वॉल्व्ह.

१७:१च्या आसपास कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते तो आकडा) असलेल्या, टर्बो नसलेल्या चांगल्या इंजिनात २२ ते २८ किलोच्या दरम्यान आकडा यावा. १८च्या खाली गेला की थंडीत त्रास ठरलेला. तरी एकट्या आकड्याला मी फार किंमत देत नाही, कारण तो बॅटरी, गेज आणि ॲडॉप्टरमधल्या रिकाम्या जागेवर हलतो. सहा आकड्यांमधला फरक मात्र खोटं बोलत नाही. सगळ्यात जास्त आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असलेला सिलिंडर दोषी धरा.

समजा आकडे आले २५, २४, १५, १४, २५, २४. शेजारचे ३ आणि ४ दोन्ही सारखेच पडलेत: त्यांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट फुटलंय. २५, २४, २५, २४, १२, २५ आले तर ५ नंबरचा वॉल्व्ह किंवा पिस्टन. सगळेच १७-१८ आले तर आधी बॅटरी आणि फिल्टर पुन्हा बघा. ते ठीक असतील तर इंजिन पुरतं झिजलंय, किंवा नुकतंच काम झालेलं असेल तर टायमिंग गिअरचा दात चुकलाय.

आता 'ऑइल टाकून बघा' या सल्ल्याबद्दल. पेट्रोल इंजिनात ही चाचणी बरी चालते: थोडं ऑइल टाकल्यावर दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर वॉल्व्ह. डिझेलमध्ये ती दोन कारणांनी फसवते. पिस्टनच्या माथ्यावर वाटी असते, ऑइल तिच्यातच साचतं आणि रिंगपर्यंत पोचतच नाही. दुसरं, जागेचा हिशोब. ६९७च्या एका सिलिंडरचं आकारमान साधारण ९४५ सी.सी. आहे, १७:१ने पिस्टन टॉपला असताना वर उरते जेमतेम ५९ सी.सी. जागा. त्यात १० मि.ली. ऑइल टाकलं तर जागाच ४९ उरते, रेशो २०च्या वर जातो आणि रिंग सुधारली नसतानाही काटा वर चढतो. आणि कुणी उदार हाताने अर्धा कप ओतला तर पिस्टन टॉपला जाऊच शकत नाही, रॉड वाकतो. करायचीच असेल तर एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मि.ली., आणि काटा भरपूर उडाला तरच अर्थ काढा.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची चाचणी

या पोस्टमधली सगळ्यात कामाची चाचणी हीच. गेज सांगतो हवा पळते. ही चाचणी सांगते कुठून पळते. सामान: निकामी नोजल होल्डर, आतलं सगळं काढून लेथवाल्याकडून आरपार भोक आणि वर नळीची निप्पल करून घेतलेला. एकदा बनवला की आयुष्यभर पुरतो.

दोषी सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणा (टॅपेटसाठी वापरलेली तीच जोडीची युक्ती). चाकांना लाकडी ओट लावा, हँडब्रेक ओढा, गाडी टॉप गिअरला टाका. पिस्टन टॉपपासून थोडा जरी हटलेला असेल तरी हवा इंजिन फिरवते, म्हणून पंखा आणि बेल्टपासून हात लांब. आधी दोन किलो हवा सोडा, इंजिन जागेवर राहिलं तर पाच-सहा किलोपर्यंत न्या. आजूबाजूची इंजिनं बंद करा, शांत जागा हवी. मग नळीचा एक तुकडा कानाला लावून फिरा.

एअर फिल्टरकडून सुसाट आवाज: इनलेट वॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडातून: एक्झॉस्ट वॉल्व्ह. ब्रीदर किंवा ऑइलच्या झाकणातून: रिंग, लायनर किंवा फुटलेला पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे: गॅस्केट किंवा तडा. शेजारच्या सिलिंडरच्या नोजलच्या भोकातून: मधलं गॅस्केट.

ब्रीदरमधून थोडी हवा येणारच, कारण रिंगला तोंड (कापाची फट) असतं. 'थोडी' म्हणजे किती हे चांगल्या सिलिंडरवर तीच चाचणी करून ठरवा. तुलना केल्याशिवाय रिंगवर ठपका ठेवू नका. अनेक इंजिनं विनाकारण उघडली जातात ती इथेच.

वॉल्व्हकडून हवा येत असेल तर हेड काढायच्या आधी एक गोष्ट करा: त्या वॉल्व्हचं टॅपेट पूर्ण सैल करा आणि पुन्हा हवा सोडा. गळती थांबली तर दोषी टॅपेटच. तशीच राहिली तर वॉल्व्ह किंवा सीट जळली आहे, हेड काढावंच लागेल.

हेड काढल्यावर

इंजिन पूर्ण थंड असताना, बोल्ट कडेकडून मधे, दोन-तीन टप्प्यांत सैल करा. सहा सिलिंडरचं सलग लांब हेड गरम असताना किंवा एका टोकाकडून सोडलं तर ते वाकतं.

गॅस्केट आधी बघा, धुवू नका. जळल्याची काळी वाट कोणत्या बाजूला गेली ते त्यावर छापलेलं असतं. हेड उलटं ठेवून सरळ पट्टी लांबीत आणि तिरकी लावा, ०.१० मि.मी.ची फिलर कुठेही शिरली तर हेड प्लेन करायला द्या. प्लेन केल्यावर वॉल्व्हचा माथा किती आत राहिला ते मोजून घ्या, नाहीतर पिस्टन वॉल्व्हला लागतो. हेड आडवं धरून पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. सीटभोवती ओल दिसली की तोच वॉल्व्ह. नुसता ग्राइंडिंग पेस्टने घासून भागतं ते वॉल्व्हची कड शाबूत असेल तरच. कड धारदार झाली असेल किंवा गाइड सैल असेल तर घासलेला वॉल्व्ह काही महिन्यांत पुन्हा जळेल.

लायनरच्या वरच्या काठाखाली नख फिरवा. नख अडकेल इतकी पायरी असेल तर झीज मोठी आहे. बोअर गेजने पायरीच्या लगेच खाली, पिस्टन पिनच्या आडव्या दिशेने मोजा, ९७.०० पासून ०.२५ मि.मी.च्या पुढे गेलं असेल तर नवीन रिंग टाकून पैसे वाया घालवू नका. नवी रिंग गोल असते, झिजलेला लायनर लंबगोल. उभी ओरखड्याची रेघ नखाला लागत असेल तरीही तेच.

आणि हे सहसा कुणी बघत नाही: सगळे पिस्टन एकेक करून टॉपला आणा आणि ब्लॉकच्या पातळीपासून उंची ताडून बघा. एकच पिस्टन शेजाऱ्यांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा रॉड वाकलाय. वॉल्व्ह ठीक, रिंग ठीक, तरी कॉम्प्रेशन कमी, याचं उत्तर तिथे असतं. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी घातली आणि एअर फिल्टरने पाणी ओढलं की असे रॉड वाकतात. गाडी नंतर चालूही होते, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही.

हेड बसवताना ब्लॉकमधली बोल्टची भोकं फुंकून कोरडी करा. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. आवळणं मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आणि मॅन्युअलच्या आकड्याने. 'हाताचा अंदाज' इथे चालत नाही.

पुन्हा पुन्हा तोच दोष का येतो

गॅस्केट वर्षात दुसऱ्यांदा फुटलं तर गॅस्केटच्या कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं टाकलं की पाण्याच्या वाटांत क्षार बसतो, मागच्या सिलिंडरकडे पाणी कमी पोचतं आणि तिथलं हेड तापतं. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत कापसाची रुई अडकते. समोरून साफ दिसली तरी आतून नमद्यासारखी बसलेली असते. आतल्या बाजूने, पंख्याकडून बाहेर, हवा मारून ती काढा.

लायनर वेळेआधी झिजले असतील तर धूळ. रावेर-यावलच्या केळीच्या बागांतून निघणाऱ्या गाड्या काळ्या मातीच्या वाटांवर तासन्‌तास चालतात. तेलाच्या एअर फिल्टरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच हवं: कमी असलं तर धूळ थांबत नाही, जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं. हंगामात दर आठवड्याला झाकण उघडून तळाचा गाळ बघा. फिल्टर ते मॅनिफोल्डची रबरी नळी काढून आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर कितीही चांगला असो, क्लिप किंवा नळीची चीर धूळ थेट सिलिंडरमध्ये पाठवतेय. नवे लायनर टाकून ही नळी जुनीच ठेवली तर पुढच्या दोन हंगामांत पुन्हा तेच.

इथे थांबा, मिस्त्री बोलवा

सेल्फ मारल्यावर इंजिन एकदम 'टक्क' करून अडकलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सगळी नोजलं काढून क्रँक हाताने फिरवा. पाणी किंवा डिझेल बाहेर उडालं तर गाडी टोचन करून गॅरेजला न्या.

खालून धातूचा जड ठोका येत असेल, ऑइलमध्ये चमकणारा कीस दिसत असेल, तर गाडी चालवून बघायची नाही.

बंद करायची दांडी ओढूनही इंजिन रेस पकडत असेल तर ते स्वतःचंच ऑइल पिऊन पळतंय. गाडी उभी असेल तर हवेचं तोंड जाड लाकडी फळीने दाबून बंद करा. हात किंवा फडकं लावू नका, ओढलं जातं. दोन-तीन सेकंदांत जमलं नाही तर लांब व्हा. चालत्या गाडीत टॉप गिअरला टाकून ब्रेकवर उभे राहा.

कमजोर इंजिन सुरू करायला इनलेटमध्ये पेटता बोळा धरणं किंवा पेट्रोल शिंपडणं बंद करा. वेळेआधी होणाऱ्या स्फोटाने पिस्टनवरच्या, दोन रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, आणि टॅपेटवर भागलं असतं ते काम पिस्टनवर जातं.

हेडला तडा, लायनर काढणं-बसवणं, सीट कटिंग आणि पंपाचं टायमिंग किंवा कॅलिब्रेशन ही घरच्या पान्याची कामं नाहीत. मिस्त्रीकडे जाताना सहा सिलिंडरचे लिहिलेले आकडे आणि हवा कुठून पळाली ते कागदावर घेऊन जा. ते हातात असताना तुम्हाला कुणी सरसकट हाफ इंजिन सांगणार नाही, आणि सांगितलं तर का, हे विचारता येईल.